पंचाहत्तर रुपयांचे प्राध्यापक

१८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेचा निकाल लागला, तेव्हा ‘सीनियर रँग्लर’ या पहिल्या क्रमांकाच्या मानावर दोघांची नावे बरोबरीने लागली होती. त्यांतले एक नाव दापोली तालुक्यातल्या अंजर्ल्याशेजारच्या मुर्डी गावच्या मुलाचे होते. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्याआधी कोणाही हिंदी माणसाला हा मान मिळाला नव्हता. महाराष्ट्रात घराघरांत त्याची चर्चा झाली. एवढ्या हुशार मुलाने आता आय. सी. एस. व्हावे, निदान सरकारी कॉलेजात मोठ्या पगारावर बसावे, असे कोणालाही वाटले असते. सरकारी शिक्षणसेवेच्या वरच्या श्रेणीत नव्या प्राध्यापकाला दरमहा ५०० रुपयांपासून सुरुवात होई आणि ती श्रेणी बहुतेक गोऱ्यांसाठीच राखलेली असे. परांजपे मात्र विलायतेला जाण्याआधीच पुण्याला शब्द देऊन बसले होते. परत आल्यावर त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात वीस वर्षे शिकवण्याचा करार पत्करला. पगार दरमहा ७५ रुपये. १९०२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते कॉलेजचे प्राचार्य झाले.

त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी काहींचे वय त्यांच्याहून फारसे कमी नव्हते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतले फर्ग्युसन समजून घ्यायचे तर या पंचाहत्तर रुपयांपासूनच सुरुवात करावी लागते. इमारती, टेकडी, संमेलने, भांडणे, फटाकड्या भाषणांच्या सभा हे सगळे नंतरचे. कॉलेज ज्यांच्या मालकीचे होते ते लोक तिथेच शिकवीत होते आणि कॉलेजच्या गरिबीत स्वतःच्या संसाराचा वाटा घालून बसले होते. तेव्हाच्या हिंदुस्थानात ही गोष्ट विरळा होती. सरकारी कॉलेज असे तिथे मालक सरकार असे, मिशनरी कॉलेज असे तिथे मिशन. इथे आजीव सदस्य म्हणवणारी दहाबारा माणसे एकत्र बसून प्राचार्य ठरवीत, वर्गांचे वाटप करीत, देणग्या मागायला गावोगाव जात आणि एकमेकांशी कडाडून भांडतही.

भांडण तर जन्मापासूनचे. १८८० च्या पहिल्या दिवशी विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने न्यू इंग्लिश स्कूल निघाले. टिळक, नामजोशी, आणि पाठोपाठ आगरकर व वामन शिवराम आपटे त्यात आले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी कॉलेज सुरू झाले. त्याला मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव दिले गेले. गव्हर्नरांनी स्वतःची देणगी दिली होती १२०० रुपये. राष्ट्रीय शिक्षण देऊ म्हणणाऱ्यांनी आपल्या कॉलेजला गोऱ्या गव्हर्नराचे नाव द्यावे, याची गंमत नंतरच्या पिढ्यांना वाटत आली आहे. व्यवहार सरळ होता. मुंबई विद्यापीठाची संलग्नता हवी होती, संस्थानिकांच्या थैल्या उघडायच्या होत्या, आणि गव्हर्नराच्या नावाने दोन्ही कामे सोपी होत.

कॉलेज आधी शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात भरे. वाड्यातल्या खोल्यांत वर्ग, आणि गल्लीत पेठेची रोजची वर्दळ. आपटे पहिले प्राचार्य. त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. तो कोश, शाळा-कॉलेजचा कारभार आणि शिकवणे हे सगळे एकदम ओढत ते १८९२ मध्ये गेले. तेव्हा त्यांनी पस्तिशीही गाठली नव्हती. त्यांच्या जागी आगरकर आले. दम्याने पोखरलेला हा माणूस ‘सुधारक’ चालवीत आणि वर्ग घेत १८९५ च्या जूनमध्ये गेला, वयाची चाळिशी न गाठता. इंग्रजी शिकवणारे वासुदेव बाळकृष्ण केळकर त्याच वर्षी वारले. न्यायमूर्ती रानडे तेव्हा पदवीधरांच्या अकाली मृत्यूंचा हिशेब मांडत होते. त्यांना उदाहरणे शोधायला लांब जावे लागले नसते.

याच काळात मूळ करारावरून टिळक बाहेर पडले. वाद नेमका काय होता, हे नीट पाहिले तर पुढचे बरेच काही उलगडते. आजीव सदस्याने सगळा वेळ आणि सगळी शक्ती संस्थेलाच द्यावी, बाहेरून कमाई करू नये, असे टिळकांचे म्हणणे होते. जेझुइट पंथाच्या साधूंसारखे राहावे, हा त्यांचा आदर्श. बाकीच्यांचे म्हणणे होते की पगार एवढा कमी असताना पुस्तके लिहून, परीक्षक होऊन चार पैसे मिळवले तर त्यात पाप नाही. त्यांच्यातल्याच गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले आणि ठिणगी पडली. १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. टिळक ज्या संस्थेचे जनक होते तिचे आयुष्यभराचे टीकाकार झाले. त्यांचा ‘केसरी’ पुढे फर्ग्युसनवर डोळा ठेवूनच असे.

तत्त्व म्हणून टिळकांची बाजू अधिक स्वच्छ होती. पण ती बाजू जिंकली असती तर पाचदहा वर्षांत संसारी माणसांना हे कॉलेज सोडावे लागले असते, असेही दिसते. गोखल्यांच्या अंकगणिताच्या पुस्तकाने त्यांच्या घराला जो आधार दिला, तो पंचाहत्तर रुपयांनी दिला नव्हता. 

टिळक गेल्यावर गणित शिकवायला माणूस हवा होता. गोखल्यांनी मुंबईहून आपल्या ओळखीच्या एका अबोल गृहस्थाला बोलावले. १८९१ साली धोंडो केशव कर्वे पुण्यात आले. पत्नी नुकतीच गेलेली, पदरी मुलगा. दोन वर्षांनी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केले. मुरूड या त्यांच्या गावाने बहिष्कार घातला. कॉलेजने त्यांना काढले नाही. त्या काळी एखाद्या शिक्षकाने पुनर्विवाह केला तर शाळेतल्या मुलांची नावे काढून घेतली जात. ते ध्यानात घेतले तर हा निर्णय लहान नव्हता.

पुढे कर्व्यांचे दोन दिवस एकाच दिवसात मावत. दिवसा कॉलेजात बीजगणित आणि भूमिती, संध्याकाळी हिंगण्याला विधवांचा आश्रम. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्यात सहा एकर जमीन दिली, तेव्हा १९०० साली आश्रम तिथे गेला. रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता. पावसाळ्यात चिखल, अंधारात साप-विंचू, आणि हे प्रोफेसर रोज पायी सुमारे चार मैलांची वाट तुडवीत जात आणि येत. १९१४ साली ते निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘आत्मवृत्त’ आले आणि १९१६ साली महिला विद्यापीठ. त्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले रँग्लर परांजपे. ते कर्व्यांचे मामेभाऊ होते आणि मुंबईत कर्व्यांच्याच घरी राहून शिकले होते.

पुण्यातल्या माणसांनी गोखल्यांना टोपणनाव दिले होते ‘प्रोफेसर टु ऑर्डर’. इंग्रजीचा शिक्षक नसेल तर गोखले इंग्रजी शिकवतील, गणिताचा नसेल तर गणित, इतिहास-अर्थशास्त्राला माणूस नसेल तर तेही गोखल्यांच्याच माथी. तयारी इतकी कसून की पाठ्यपुस्तकातले उतारे त्यांना मुखोद्गत असत. पण त्यांचे त्याहून मोठे काम वर्गाबाहेरचे होते. इमारतीसाठी पैसे हवे होते आणि त्यासाठी दारोदार जायला हा माणूस कचरत नसे. मुळेपलीकडे डेक्कन कॉलेजची सरकारी दगडी इमारत उभी होती, तिच्या तोडीचे काही मुठेपलीकडे उभारायचे होते. १८९५ साली कॉलेज नव्या जागेत गेले. लकडी पूल ओलांडला की भांबुर्ड्याची शेते लागत. त्यापलीकडे टेकडीच्या पायथ्याशी ही इमारत. आज ज्या रस्त्यावर संध्याकाळी मोटारी हलत नाहीत, तो तेव्हा मोकळ्या रानातून जाई.

१८९६ च्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेतून आलेला एक तरुण बॅरिस्टर गोखल्यांना भेटायला याच आवारात आला. गांधी आणि गोखले यांची ती पहिली भेट. गोखले १९०२ साली कॉलेजातून निवृत्त झाले, कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात गेले, आणि १९०५ साली कॉलेजजवळच त्यांनी भारत सेवक समाज स्थापला. त्याची घडणही फर्ग्युसनच्या नमुन्यावर होती: थोडे वेतन, आयुष्यभराचे बंधन, आणि सगळे निर्णय सभासदांच्या हाती.

विद्यार्थी कसे राहत?

त्यांच्यात पुण्याचे वाड्यातले मुलगे होते, पण कोकणातून, देशावरून, कर्नाटकातून आलेले अधिक लक्षात राहतात. मॅट्रिक झालेला मुलगा पुण्याला येई, नातेवाइकाकडे ओसरीवर अंथरूण टाकी, किंवा चार मुले मिळून खोली घेत आणि स्वयंपाकी ठेवून ‘क्लब’ चालवीत. महिनाअखेर त्या क्लबाचा हिशेब वाटणीने चुकता होई. अगदी गरीब मुलगा वार लावून जेवे. म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पहिले वर्ष ‘प्रीव्हियस’चे, मग इंटर, मग बी. ए. परीक्षा विद्यापीठाची. रात्री रॉकेलचा दिवा, सकाळी टेकडी. नव्या इमारतीबरोबर वसतिगृहेही झाली आणि टेकडीवर फिरायला जाणे हा फर्ग्युसनच्या मुलांचा धर्मच झाला. राजकारणापासून प्रेमापर्यंतची सगळी खलबते तिथेच होत.

या मुलांमध्ये १८९३ साली जमखंडीहून आलेला विठ्ठल रामजी शिंदे नावाचा एक मराठा मुलगा होता. तो १८९८ साली बी. ए. झाला. मधली वर्षे पुण्यात प्लेगची होती. १८९७ साली शहर ओस पडले, घरांची झडती घेणारे गोरे सोल्जर पेठांतून फिरले, आणि जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. प्लेग नंतरही वर्षानुवर्षे परत येई. वर्ग बंद पडत, मुले गावी पळत किंवा शहराबाहेर झोपड्यांत राहत, परीक्षेचे वेळापत्रक विस्कटे. शिंद्यांनी १८९८ पासून रोजनिशी लिहिली. एक गरीब, बुद्धिमान, अब्राह्मण तरुण पुण्यातल्या विद्येच्या जगात कसा वावरत होता, हे तिच्यातून आणि त्यांच्या आठवणींतून कळते. पुढे ते प्रार्थना समाजाच्या वतीने ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करायला गेले. १९०६ साली त्यांनी अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. फर्ग्युसनच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत त्यांचे नाव वरचे असायला हवे. पण ते बहुधा मागच्या ओळीत ढकललेले दिसते.

जानेवारी १९०२ मध्ये नाशिकहून विनायक दामोदर सावरकर आले. खर्च सासऱ्यांनी, जव्हारच्या चिपळूणकरांनी उचललेला. वसतिगृहात त्यांच्याभोवती मुलांचा गट जमला. ‘आर्यन वीकली’ नावाचे हस्तलिखित साप्ताहिक निघे. इतिहासावर, मॅझिनीवर, स्वदेशीवर वाद झडत. हे एकीकडे चालू असताना अभ्यासही चाले, कारण परीक्षेला दांडी मारणाऱ्याला घरी तोंड दाखवता येत नसे.

१९०५ हे साल फाळणीचे. बंगालची फाळणी ऑक्टोबरच्या मध्याला अमलात यायची होती. त्याआधीच, ७ ऑक्टोबरला, पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. कपड्यांचा ढीग गाडीवर घालून मिरवणूक मुठेपलीकडे मोकळ्या जागेत गेली. टिळक होते, ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे होते. ढीग पेटला, भाषणे झाली. आयोजकांत सावरकर आघाडीला होते. दुसरे परांजपे, म्हणजे रँग्लर, प्राचार्य म्हणून कामाला लागले. त्यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. ‘केसरी’ने प्राचार्यांवर सडकून टीका केली.

या प्रसंगात खलनायक शोधायची सवय आपल्याला आहे. रँग्लर नेमस्त होते, गोखल्यांचे अनुयायी होते, आणि त्यांचा स्वभावही हिशेबी होता. त्यांचे कॉलेज विद्यापीठाच्या संलग्नतेवर आणि सरकारी अनुदानावर उभे होते. त्या दोन्हींवर गदा येण्याची भीती खरी होती. दोनच वर्षांत विद्यार्थ्यांना राजकीय सभांपासून दूर ठेवण्याचे सरकारी फर्मान निघालेच. दुसऱ्या बाजूला, दहा रुपये म्हणजे गरीब मुलाच्या दृष्टीने मोठी रक्कम आणि वसतिगृह जाणे म्हणजे परीक्षेच्या तोंडावर डोक्यावरचे छप्पर जाणे. पण सावरकरांना कॉलेजातून काढले नव्हते. ते त्याच वर्षअखेर बी. ए.च्या परीक्षेला बसले, पास झाले आणि जून १९०६ मध्ये विलायतेला गेले. ती पदवी नंतर मुंबई विद्यापीठाने काढून घेतली आणि १९६० साली परत दिली. वसतिगृहातली त्यांची १७ नंबरची खोली कॉलेजने स्मारक म्हणून जपली आहे. ज्याला काढले त्याचीच खोली जपायची, यात कॉलेजचा इतिहासाशी झालेला समेट दिसतो. थोडी चतुराईही दिसते.

होळीनंतरची दोनतीन वर्षे कॉलेजात वेगळेच वारे होते. बेळगावकडून आलेला दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर तेव्हा इथे तत्त्वज्ञान शिकत होता. १९०७ साली तो पदवीधर झाला. सिंधमधून जीवतराम कृपलानी आला. मुंबईचे विल्सन कॉलेज झाले, कराचीच्या कॉलेजने त्याला घालवून दिले आणि फर्ग्युसनने घेतले. १९०८ साली तो इथून बी. ए. झाला. पुढे एक काकासाहेब, दुसरा आचार्य. दोघेही गांधींच्या अवतीभवतीचे. सरकारी किंवा मिशनरी कॉलेजात नकोसा झालेला मुलगा फर्ग्युसनमध्ये सामावला जाई, असा लौकिक या कॉलेजला होता. दंड करणारे प्राचार्य आणि निष्कासित विद्यार्थ्याला दार उघडणारे प्राचार्य एकच होते, ही गोष्ट ‘केसरी’च्या अग्रलेखात आली नसती.

रँग्लरांच्या कॉलेजातली सर्वांत मजेची गोष्ट म्हणजे तिथल्या माणसांचे एकमेकांशी न जुळणे. स्वतः प्राचार्य पक्के नास्तिक. देव, मुहूर्त, पत्रिका यांची त्यांना चीड. त्यांच्याच कॉलेजात १९१४ पासून तत्त्वज्ञान शिकवीत होते जमखंडीचे रामचंद्र दत्तात्रेय रानडे. नाजूक प्रकृतीचे, नामस्मरणात बुडालेले, निंबरगीच्या परंपरेतले साधक. एका खोलीत ग्रीक तत्त्वज्ञान आणि उपनिषदे यांच्यावर हा साक्षात्कारी गृहस्थ बोलतोय, आणि प्राचार्यांच्या खोलीत देव न मानणारा माणूस गणिताचे पेपर तपासतोय. दोघांना एकमेकांची मते मान्य नव्हती. पण रानड्यांनी दहा वर्षे तिथे शिकवले. त्यांचा उपनिषदांवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९२६ साली आला. त्याची मुळे या वर्षांतल्या अध्यापनात होती.

१९१२ साली कॉलेजने आणखी एक धाडस केले. गोव्यातल्या साखवाळचा एक गृहस्थ पाली शिकवायला घेतला. धर्मानंद कोसंबी यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. शालेय शिक्षणही धड पुरे झालेले नव्हते. बुद्धाच्या धर्माच्या ओढीने ते घर सोडून नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश हिंडले, भिक्षू झाले, पाली शिकले. मग हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना संशोधनासाठी बोलावले. तिथून परत आल्यावर फर्ग्युसनच्या वर्गात ते बी. ए., एम. ए.च्या मुलांना शिकवू लागले. सहा वर्षांत त्यांनी पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे असे शिष्य घडवले. मराठीतला पाली विद्येचा जो प्रवाह आजही चालू आहे, त्याचा उगम या वर्गात आहे. आजच्या नियमांत पदवी नसलेल्या माणसाला विद्यापीठीय वर्गात उभे करणे जवळजवळ अशक्य आहे. फर्ग्युसनला ते जमले, कारण निर्णय घेणारे प्राध्यापकच होते.

संस्कृत-इंग्रजीचे वैजनाथ काशिनाथ राजवाडे यास्काच्या निरुक्तात आयुष्य घालवीत होते. पांडुरंग दामोदर गुणे लाइपझिगहून भाषाशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आले होते. १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर संस्थेच्या उभारणीत ते पुढे होते आणि १९२२ साली, चाळिशीच्या आतच वारले. इंग्रजीचे वासुदेव बळवंत पटवर्धन कविता शिकवताना रंगून जात. मराठी संतकवींवरची त्यांची व्याख्याने जुन्या जाणकारांना आठवत असत.

याच वर्गांमधून पुढच्या पिढीचे लेखक आले. नारायण सीताराम फडके इथे शिकले, प्रल्हाद केशव अत्रे सासवडहून इथे आले. फारसीचे अध्यापक होते माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन. एका विद्यार्थिनीशी जुळलेल्या स्नेहावरून पुण्यात गदारोळ झाला आणि त्यांना फर्ग्युसन सोडावे लागले. सुधारकांच्या कॉलेजची सुधारणा कुठपर्यंत पोचली होती, हे त्या प्रकरणाने दाखवले. पुनर्विवाह करणारा कर्वे त्यांना पेलला होता, प्रेमात पडलेला कवी पेलला नाही. माधव जूलियन कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले, छंदःशास्त्रावर काम करत राहिले. त्यांच्या रविकिरण मंडळाची खिल्ली ‘झेंडूची फुले’मध्ये उडवणारे अत्रेही फर्ग्युसनचेच विद्यार्थी होते, हे मराठी वाङ्मयाच्या वर्गात क्वचितच सांगितले जाते.

मुलींबद्दल बोलल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. कॉलेजात मुली येत, पण मोजक्या. त्यांतली सर्वांत लखलखीत इरावती करमरकर. ब्रह्मदेशातल्या म्यिंजानमध्ये जन्मलेली ही मुलगी हुजूरपागेत शिकायला आली आणि रँग्लर परांजप्यांच्या घरीच वाढली. तिथे वाद घालायला मुलींनाही मोकळीक होती. १९२६ साली ती फर्ग्युसनमधून पदवीधर झाली. लग्न झाले दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी. ते महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य. नास्तिक प्राचार्यांचे घर, समाजसुधारकाचे घर आणि कॉलेजचा वर्ग या तीन ठिकाणी मिळून समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे घडल्या.

आणि जातीबद्दल? इथे कौतुक थांबते. आजीव सदस्यांची यादी वाचली तर ती मुख्यतः ब्राह्मणांची आहे. विद्यार्थ्यांतही तेच. शिंद्यांसारखा मराठा मुलगा ठळकपणे उठून दिसतो. अस्पृश्य समाजाला कॉलेजच्या शिक्षणाची वाट तेव्हा जवळजवळ बंद होती. फर्ग्युसनने ती रुंद करण्यासाठी आपणहून फार काही केले, असे म्हणता येत नाही. त्यागाच्या कराराला ज्या घरांनी मुलगे दिले, त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या अक्षर होते. ज्यांच्याकडे त्यागायलाही काही नव्हते त्यांचा विचार या करारात नव्हता. १९२१ नंतर शिक्षणमंत्री म्हणून परांजप्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२३ साली आणला. कॉलेजच्या भिंतींत जे झाले नव्हते त्याची थोडी भरपाई सचिवालयातून झाली, इतके म्हणता येईल.

१९२० च्या असहकाराने कॉलेज हलवले. मुले बाहेर पडली, राष्ट्रीय विद्यालयांकडे गेली. १९२१ साली टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. पण बहुतेकजण परतले, कारण पदवीशिवाय नोकरी नव्हती. त्याच सुमारास सोसायटीने सांगलीला विलिंग्डन कॉलेज काढले होते, १९१९ साली. म्हणजे आजीव सदस्यांना आता दोन गावे सांभाळायची होती. पुण्यातही स्पर्धा होती. १९१६ साली निघालेल्या न्यू पूना कॉलेजला लोक पुढे सर परशुरामभाऊ कॉलेज म्हणून ओळखू लागले.

२२ जुलै १९३१ रोजी कॉलेजच्या वाडिया ग्रंथालयात मुंबईचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन आले होते. विद्यार्थी वासुदेव बळवंत गोगटे यांनी अगदी जवळून त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचले. सोलापुरात १९३० साली लष्करी कायदा पुकारला गेला होता आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिले गेले. गोगट्यांच्या पिस्तुलामागे या फाशींचा राग होता. गोगट्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. नंतर ते वकील झाले आणि पुण्याचे महापौरही. ज्या कॉलेजला एका गव्हर्नराचे नाव होते, त्याच कॉलेजात दुसऱ्या गव्हर्नरावर गोळी चालली. त्यानंतरही कॉलेज बंद पडले नाही, कारण सोसायटीचे कारभारी अशा वादळात पाय रोवायला पाच दशके शिकत आले होते.

धर्मानंदांचा मुलगा दामोदर हार्वर्डला शिकून, अलीगढला शिकवून १९३३ च्या सुमारास गणिताचा प्राध्यापक म्हणून फर्ग्युसनमध्ये आला. वडील पाली शिकवून गेले होते, मुलगा समीकरणे शिकवू लागला. त्याचबरोबर त्याने पंचचिन्हांकित नाण्यांची वजने मोजायला घेतली आणि गणितातून इतिहासाकडे वाट काढली. १९५६ चा त्याचा इतिहासग्रंथ आज जगभर वाचला जातो. त्याची बीजे पुण्यातल्या त्या बारा वर्षांत आहेत.

आजीव सदस्यत्वाची पद्धत पुढेही काही काळ टिकली, पण तिचा कस हळूहळू उतरला. वेतनश्रेणी सरकारने ठरवायला सुरुवात केल्यावर त्यागाच्या कराराला व्यवहारात अर्थ उरला नाही. ते एका परीने बरेच झाले. प्राध्यापकाने उपाशी राहावे, हा कायमचा नियम असू शकत नाही. मात्र वेतनाबरोबर निर्णयाचा हक्कही बाहेर गेला. ते वाईट झाले.

या सगळ्या हकिगतीत एक मोठी पोकळी आहे आणि ती भरणे वाचकांच्या हाती आहे. गोखले, कर्वे, सावरकर, परांजपे, इरावतीबाई यांच्याबद्दल लिहिलेले विपुल आहे. ज्यांचे पुढे कोणी चरित्र लिहिले नाही, ते विद्यार्थी क्लबाचा हिशेब कसा करीत, वार कोणाकडे लावत, जातीजातींची पंगत कशी बसे, प्रयोगशाळेचा शिपाई काय करी, मुलींच्या बाकावर कोण बसे, याची नोंद फार थोडी आहे. शिंद्यांनी रोजनिशी लिहिली म्हणून त्यांचे दिवस आपल्याला दिसतात. तुमच्या घरी पणजोबांची, आजोबांची किंवा आजीची एखादी वही, पत्रांचा गठ्ठा, वसतिगृहाच्या फीची पावती, संमेलनाचा फोटो असेल, तर तो रद्दीत घालू नका. कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा १९१० पासून अशीच कागदपत्रे जमवत आलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात नेऊन द्या.